पुसदहून किलिमांजारोकडे

वाशीमकडून पुसदला येणारा प्रवासी घाट उतरू लागला म्हणजे एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानात येते. समोरचे डोंगर टोकदार नाहीत. त्यांचे माथे सपाट असून अंगावर एकाखाली एक अशा आडव्या पायऱ्या पडलेल्या आहेत. आमच्या थोरल्या बंधूंनी, ज्यांस घरात सर्वजण दादा म्हणतात, तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. दर वर्षी नवव्या इयत्तेतील मुलांस खिडकीतून हे डोंगर दाखवून ते विचारीत, "हा जिना कोणी बांधला, सांगा पाहू?" उत्तर बहुधा कोणासच येत नसे, आणि ते येऊ नये अशीच दादांची मनातून इच्छा असे, कारण मग ते स्वतः सांगावयास मिळे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची भूमी ठिकठिकाणी भेगाळली, तप्त लाव्हारस वर आला व पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे अनेकवार झाले. पुढे पावसापाण्याने त्या थरांच्या कडा झिजल्या आणि हा जिना तयार झाला. या खडकास शास्त्रज्ञ ट्रॅप म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे. आज शिल्लक राहिलेला त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आमची कापसाची काळी माती म्हणजे याच खडकाची पूड. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व टोकास, वणीकडे, गेले म्हणजे हा काळा थर संपून कोळसा व चुनखडी लागते. परंतु पुसदकर मात्र जन्मल्यापासून लाव्हारसावरच चालत असतो. (बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे तळे हेही ज्वालामुखीचेच मुख, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. ते उल्केच्या आघाताने पडलेले विवर आहे. दादांसमोर ही चूक कोणी केली तर त्याचा अर्धा तास गेलाच म्हणून समजावे.)

असे असता, गेल्या दिवाळीत दादांनी फराळाच्या वेळी जेव्हा जाहीर केले, की आपण आफ्रिकेतील किलिमांजारो या ज्वालामुखी पर्वतावर चढावयाचे, तेव्हा त्यांचा पहिला युक्तिवाद हाच होता. "आपण आजवर दुसरे काय करीत आलो?"

आईचे वय चौऱ्याऐंशी. तिने ताटातील करंजी मोडता मोडता विचारले, "उंच किती आहे रे तो?"

"पाच हजार आठशे पंचाण्णव मीटर. म्हणजे आपली कळसूबाई एकावर एक साडेतीन वेळा ठेवावी, इतका."

"साडेतीनच ना? मग आपल्या माहूरच्या देवीला आधी विचारून ये," असे म्हणून आईने करंजी तोंडात टाकली. साडेतीन पीठांपैकी एक पीठ दारात असता परदेशी जाऊन साडेतीन कळसूबाया चढण्याची हौस तिला अंमळ चमत्कारिकच वाटली असावी. परंतु ती रागावली नव्हती. रागावल्या होत्या त्या वहिनी, आणि त्यांच्या रागास कारण होते.

ते कारण सांगितल्यावाचून पुढील तयारीचा अर्थ वाचकांस कळणार नाही. २०१८ साली आम्ही घरची सात माणसे लडाखला गेलो होतो. दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरलो. लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांवर आहे, आणि पुसद जेमतेम तीनशे मीटरांवर. दोन दिवस स्वस्थ पडून राहावयाचे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु रजा मोजकी, मोटार ठरलेली, आणि हवा इतकी स्वच्छ की आपणांस काही होईल हे कोणास खरेच वाटेना. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही खारदुंग ला या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीकडे निघालो. दादांचे डोके आदल्या रात्रीपासून दुखत होते. ते त्यांनी कोणास सांगितले नाही. सांगितले तर सर्वांचा बेत मोडेल, असे त्यांना वाटले, आणि वडीलपणाचाही काही भाग त्यात होता. खिंडीत मोटारीतून उतरल्यावर त्यांना ओकारी झाली. आम्ही त्यास घाटातील वळणांचा दोष दिला. मग ते फोटो काढण्याकरिता चालू लागले आणि झोकांड्या खाऊ लागले. समोर पाहून सरळ चार पावले टाकता येईनात. वहिनींना त्यांनी एक प्रश्न तीनदा विचारला. सुदैवाने मोटारवाला जाणता होता. त्याने कोणाचेही न ऐकता गाडी फिरविली आणि थेट लेहच्या रुग्णालयाच्या दारात उभी केली. प्राणवायू लावल्यावर दोन दिवसांनी दादा ठीक झाले. डॉक्टरांनी वहिनींना एवढेच सांगितले, की आणखी दोन तास तुम्ही तेथे राहिला असता तर मेंदूची सूज आमच्या हाताबाहेर गेली असती.

तेव्हापासून आमच्या घरात 'लेह' हा शब्द सहसा उच्चारीत नाहीत.

म्हणून दिवाळीच्या त्या फराळानंतर आठ दिवस वहिनी दादांशी कामापुरत्याच बोलत होत्या. नवव्या दिवशी त्या प्रस्तुत लेखकास म्हणाल्या, "भावजी, ते जाणारच. तीस वर्षे फळ्यावर तो डोंगर काढला आहे त्यांनी. मी नाही म्हटले तर ते राहतील घरी, पण उरलेला जन्म माझ्याकडे पाहतील ते त्या डोंगराकडे पाहिल्यासारखे. तेव्हा जाऊ द्या. पण तयारी मी म्हणेन तशी व्हावयाची." आणि त्यांनी नागपुरास डॉक्टर असलेल्या आपल्या मुलीस, म्हणजे आमच्या पुतणीस, सोबत जाण्यास राजी केले. अशा रीतीने दादा, पुतणी व प्रस्तुत लेखक ही तीन माणसे ठरली. वहिनींचे गुडघे दुखतात म्हणून त्या जाणार नाहीत. तथापि सेनापती त्याच आहेत.

पर्वताविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. किलिमांजारो हा टांझानिया देशात, विषुववृत्तापासून तीनच अंश दक्षिणेस, सपाट माळावर एकटा उभा आहे. त्याची तीन मुखे: शिरा, मावेंझी व किबो. पहिली दोन विझलेली आहेत. किबो निद्रिस्त आहे, आणि त्याच्या माथ्यावरील विवरातून अद्याप गंधकाची वाफ निघते. आमचा दख्खनचा खडक भेगांतून पसरला. किबो मात्र एकाच तोंडातून राख आणि लाव्हारस ओकत थरावर थर चढवीत शंकूसारखा वाढला, आणि त्याचे वय दहा लाख वर्षांच्याही आतले. कोटींची गणना करणाऱ्या आमच्या डोंगरांपुढे तो पाळण्यातलेच पोर म्हणावयाचा. त्याच्या डोक्यावर बर्फ आहे. परंतु १९१२ साली मोजलेल्या त्या बर्फापैकी पाचांत चार हिश्शांहून अधिक आज नाहीसे झाले आहे. दादांच्या घाईचे हेही एक कारण आहे.

या शिखरावर पहिल्याने पाऊल ठेवले ते जर्मन भूगोलवेत्ता हान्स मेयर व त्याचा ऑस्ट्रियन सोबती लुडविग पुर्टशेलर यांनी, १८८९ सालच्या ऑक्टोबरात. पण त्यापूर्वी १८८७ साली मेयर बर्फाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत फिरला होता, आणि १८८८ साली किनाऱ्यावरील बंडात सापडून कैद झाला व खंडणी भरून सुटला. म्हणजे हा गृहस्थ तिसऱ्या खेपेस पोहोचला. वहिनींनी ही हकीकत वाचून त्या पानात खूण घालून पुस्तक दादांच्या उशाशी ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत.

या पर्वतावर दोरखंड लावून चढावे लागत नाही. सामान्य वाट पायवाटच आहे. धडधाकट मनुष्य पायांच्या जोरावर ती चढू शकतो. अडचण पायांची नसून हवेची आहे. पुतणीने ती आईस समजावून सांगितली तेव्हा आम्हांसही प्रथमच नीट कळली. "आजी, दुधात पाणी घालतात तसे हे नाही. वरच्या हवेतही प्राणवायूचा वाटा शेकडा एकवीसच असतो. पण हवेचा दाबच कमी. शिखरावर तो इथल्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे श्वास तेवढाच घ्यायचा आणि पदरात पडायचे अर्धे." शरीर या तुटीस सरावते, श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील क्षार बाहेर टाकून त्यास साहाय्य करतात. परंतु त्यास दिवस लागतात, आणि ते दिवस पैशाने वा हट्टाने कमी होत नाहीत. बरे, कोणास त्रास होईल हे वयावरून वा ताकदीवरून सांगता येत नाही. तरुण पहिलवान आडवा होतो आणि साठीची बाई चालत जाते. एकदा ज्यास झाला त्यास पुन्हा होण्याचा संभव मात्र अधिक असतो.

तेव्हा पहिला वाद झाला तो वाटेवरून. मारंगू नावाची जुनी वाट आहे. तीवर निजण्यास लाकडी झोपड्या आहेत व पाच दिवसांत जाऊन येता येते. खर्च कमी. प्रस्तुत लेखकाचे मत या वाटेस अनुकूल होते, हे कबूल केले पाहिजे. पुतणीने कागदावर आकडे मांडले: पहिली रात्र २,७२० मीटरांवर, दुसरी ३,७२० वर, तिसरी ४,७२० वर. तीन हजारांच्या पुढे निजण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा संकेत असता येथे रोज हजार मीटरांची उडी. तिने आकड्यांखाली रेघ ओढून विचारले, "काका, हे लेहच नव्हे का पुन्हा?" वाद तेथेच मिटला. आम्ही लेमोशो ही आठ दिवसांची वाट पक्की केली. ती पश्चिमेकडून शिरा पठारावरून येते, आणि तिच्यात एक युक्ती आहे: चौथ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापर्यंत, म्हणजे सुमारे ४,६०० मीटरांपर्यंत, चढावयाचे व निजावयास चार हजारांच्या खाली उतरावयाचे. चढावे उंच, निजावे खाली. खर्चाचा आकडा ऐकून आईने दोन्ही हात कानांवर ठेवले. तो येथे देत नाही.

पायांची तयारी मात्र पुसदला उत्तम होते. पहाटे साडेचारला उठून गावाबाहेरची टेकडी चढावयाची व उतरावयाची, प्रथम एकदा, मग दोनदा, मग पाठीवर सॅक घेऊन. सॅकमध्ये काय भरावे, हा प्रश्न वहिनींनी सोडविला: कोठीतील तुरीच्या डाळीच्या पिशव्या. आरंभी चार किलो, आता आठ. (महिनाभराने तीच डाळ शिजत असे, आणि दादा वरणाचा भुरका घेत म्हणत, "ही टेकडीवरून आली आहे हो.") पावसाळ्यात वाट निसरडी झाली म्हणजे घराच्या जिन्याचाच घाट करावा लागे. बावीस पायऱ्या, चाळीस फेऱ्या. शेजारच्या काकूंनी चार दिवस पाहून पाचव्या दिवशी काळजीने विचारले, "अहो, वर काही हरवले आहे का?"

चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक करावा लागतो, हे आम्हांस मागाहून उमगले. शेवटच्या मुक्कामाचे नाव बराफू. हा स्वाहिली शब्द आमच्या बर्फाचाच भाऊ; दुकानास ती मंडळी 'दुका' म्हणतात आणि चहा-चपाती तर आपलीच, हे ऐकून आईची भीती निम्मी झाली. तर त्या बराफूहून मध्यरात्री निघून सुमारे बाराशे मीटर चढावयाचे, उजाडता विवराची कड गाठावयाची, तेथून शिखर, आणि त्याच दिवशी जवळजवळ अठ्ठावीसशे मीटर खाली उतरावयाचे. एवढ्या उतारात मांड्या थरथरू लागतात व बुटात अंगठ्यांची नखे काळी होतात. म्हणून दोन्ही हातांत काठ्या घेऊन पावले तिरकी टाकीत उतरण्याचे वळण आम्ही लावून घेतले. गुराखी पोरे आमच्या मागे तशीच तिरकी चालून दाखवीत, हा भाग वेगळा.

थंडीचा सराव विदर्भात कसा करावा? शिखराकडे जाताना पहाटे शून्याखाली दहा-पंधरा अंश, वर वारा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर असतो आणि हिवाळ्यात शाल पुरते. थंडीच सोसून पाहावी म्हणून आम्ही जानेवारीत चिखलदऱ्यास जाऊन दोन रात्री उघड्यावर तंबूत निजलो. थंडीपेक्षा अधिक उपयुक्त असे तेथे एक ज्ञान मिळाले: जाड हातमोजे घालून बुटाची नाडी बांधता येत नाही आणि बाटलीचे झाकण उघडता येत नाही. तेव्हापासून ही दोन कामे आम्ही अंधारात, हातमोज्यांसकट, रोज करून पाहतो. पाण्याची बाटली थंडीत उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ तळाशी धरतो व तोंड मोकळे राहते, हेही असेच शिकलो.

कपडे, कानटोपी, कपाळावर बांधावयाची बॅटरी वगैरेंची यादी कोठेही मिळेल. पीतज्वराच्या लशीविषयी मात्र सांगितले पाहिजे. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, टोचल्यापासून दहा दिवसांनी तिचा दाखला ग्राह्य होतो, आणि साठीपुढील माणसास ती विचारपूर्वक द्यावी लागते. दादांस एकसष्टावे लागले असल्याने डॉक्टरांनी त्यांना नीट तपासूनच होकार दिला. उंचीच्या त्रासावर अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे. तीही घरीच दोन दिवस घेऊन पाहिली, कारण कित्येकांस ती सोसत नाही. आम्हांस बोटांना मुंग्या आल्या, त्यापलीकडे काही नाही. पुतणीने बजावले, की ही गोळी शरीराच्या सरावास हातभार लावते, सरावाच्या ऐवजी ती चालत नाही.

खाण्याचा प्रश्न आईने आपल्याकडे घेतला. उंचीवर भूक मरते आणि न खाल्ले तर पाय चालत नाहीत. तिने मेतकूट, डिंकाचे लाडू आणि लिंबाचे जुने लोणचे एवढेच ठरविले. "तोंडाला चव आली म्हणजे मनुष्य जेवतो" हे तिचे शास्त्र. दादांच्या एकादशीचा प्रश्नही तिनेच निकालात काढला. चढाईच्या आठ दिवसांत एकादशी येते. दादा म्हणाले, साबुदाणा नेऊ. आई म्हणाली, "तू तिकडे उपास करून पडलास तर ते पुण्य कोणाच्या खाती मांडायचे? ती एकादशी मी करीन. तू भात खा." एकादशी अशी दुसऱ्यास देता येते की नाही, याविषयी शास्त्राधार आम्ही शोधला नाही.

आता वहिनींच्या वहीविषयी. उंचीचा त्रास मोजण्याची डॉक्टरांची एक रीत आहे. डोकेदुखी, मळमळ, थकवा व भोवळ या चारही लक्षणांस शून्यापासून तीनपर्यंत आकडा द्यावयाचा. डोके दुखत असून बेरीज तीनवर गेली म्हणजे वर जाणे बंद. वहिनींनी दुकानातून लांब रकान्यांची हिशेबाची वही आणली, तिघांची नावे घातली, आणि नियम केला, की पुसदच्या टेकडीवरून आले तरी प्रत्येकाने संध्याकाळी आपले आकडे आपल्या हाताने लिहावयाचे. शिवाय अंगणातील फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून दहा पावले सरळ चालून दाखवावयाचे. लेहला दादांस जे आले नव्हते, ते हेच. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी एक ठरावही लिहून तिघांच्या सह्या घेतल्या: पुतणी 'उतरा' म्हणाली की उतरावयाचे, एक उतरला तर दुसरा त्याच्याबरोबर उतरेल, शिखर हाताच्या अंतरावर असले तरीही. दादांनी सही करण्यास बराच वेळ लावला. ते म्हणाले, "माझ्यामुळे हिलाही परत यावे लागेल." वहिनी म्हणाल्या, "हो. म्हणूनच लिहिले आहे."

महिन्यांमागून महिने गेले. प्रस्तुत लेखकाच्या रकान्यात थकव्याचे दोन आणि एक पुष्कळ पडले. पुतणी नागपुराहून आली म्हणजे तीही प्रामाणिकपणे काही ना काही लिही. दादांच्या रकान्यात मात्र ओळीने शून्ये. भर उन्हात दोनदा टेकडी चढून आले, चेहरा लाल, तरी शून्य. वहिनी ती पाने पाहत आणि वही मिटून ठेवीत. त्यांची काळजी त्या शून्यांचीच होती, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

या ऑक्टोबरात आम्ही कळसूबाईस गेलो. पुसदहून नाशिकमार्गे दीर्घ प्रवास करून, बारी गावात रात्र काढून, पहाटे चढावयास लागलो. १,६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. मधल्या कड्यांस लोखंडी शिड्या आहेत. त्या लाव्हाच्या थरांवरच टेकलेल्या असल्यामुळे दादा प्रत्येक शिडीशी थांबून थर मोजीत होते. ऑक्टोबरचे ऊन लवकरच तापले. शेवटच्या शिडीच्या अलीकडे दादा एका खडकावर बसले आणि म्हणाले, "थांबा जरा. माझे डोके दुखते आहे."

एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही. पाणी कमी प्याल्याने व उन्हाने ते झाले होते, हे उघड होते. प्रस्तुत लेखकास हसू आले. पुतणीने हसू दिले नाही. तिने विचारले, "बाबा, केव्हापासून?" दादा म्हणाले, "पहिल्या शिडीपासून." तिने त्यांना सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी पाजले, अर्धा तास घड्याळ लावून बसविले आणि मग सरळ रेषेत चालावयास सांगितले. ते चालले. आम्ही हळूहळू वर गेलो, देवीचे दर्शन घेतले आणि ऊन कलल्यावर उतरलो. रात्री मुक्कामावर त्यांनी वही मागून घेतली आणि डोकेदुखीच्या रकान्यात एकचा आकडा घातला. लिहिताना त्यांनी चष्मा पुसला, एवढे आम्ही पाहिले.

पुसदला आल्यावर वहिनींनी ती वही उघडली. त्या पानाशी त्या बऱ्याच वेळ होत्या. मग त्यांनी आत जाऊन आईस ते दाखविले, आणि दोघींचे काय बोलणे झाले ते आम्हांस ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वहिनींनी स्वतः होऊन डिंक आणावयास सांगितले.

निघण्यास आता तीन महिने आहेत. वही अर्धी भरली आहे, तुरीची डाळ नऊ किलोवर नेण्याचा बेत आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा डावा बूट अजूनही टाचेपाशी चावतो.